वस्तुविचार : चिनी मातीत हाड असते काय?

डोंगरी येथे राहणाऱ्या एका श्राविका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांच्या घरी आजेसासूबाईंच्या वेळच्या तीन बरण्या आहेत. वरचा भाग तपकिरी, खालचा पिवळसर पांढरा, तोंडाला दादरा बांधावयास खाच. एकीत मीठ, एकीत छुंदा, एकीत मुरांबा. घरातील कोणी ऐकून आले की चिनी मातीत जनावरांच्या हाडांची भुकटी घालतात, आणि त्याच सायंकाळी तिन्ही बरण्या रिकाम्या होऊन माळ्यावर गेल्या. त्या भंगारात द्याव्यात की पुन्हा वापरावयास घ्याव्यात, एवढेच भगिनींनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी हेही लिहिले आहे की पाहुण्यांना चहा मात्र आहेरात आलेल्या 'बोन चायना'च्या कपांतून दिला जातो. ते कप विलायती पद्धतीचे, 'चिनी मातीचे नव्हेत', अशी घरात समजूत आहे.

उत्तर थोडक्यात द्यावयाचे तर बरण्या खाली उतरवाव्यात आणि विचार करावा तो कपांचा. परंतु असे एका ओळीचे उत्तर पटत नाही. चिनी मातीचे भांडे मुळात घडते कसे, हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो, आणि भांड्यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांनाही त्याचा उपयोग होतो. म्हणून या वेळचा संपूर्ण लेख त्याच विषयावर.

आधी नावाविषयी दोन शब्द. 'चिनी' हे विशेषण आपल्याकडे फारसीच्या मार्गाने आले. चीनहून येणारी पांढरी, गुळगुळीत, टणटण वाजणारी पात्रे ती चिनी. पुढे तशी झिलई ज्या ज्या वस्तूवर दिसली, तिला हे नाव चिकटले. देवगिरीच्या किल्ल्यातील 'चिनी महाल' आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ नंतर तेथेच कैदेत ठेवले होते. त्या महालाचे नाव भिंतींवरील रंगीत झिलईच्या फरशांवरून पडले. चीनचा त्याच्याशी याहून अधिक संबंध नाही. युरोपीयांचे नाव तर आणखी फसवे आहे. 'पोर्सेलीन' हा शब्द ज्या इटालियन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ कवडी. भांड्याची चकाकी कवडीसारखी, म्हणून ते नाव. लोकांनी मात्र त्यावरून असा ग्रह करून घेतला की हे भांडे शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचेच असावे.

दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज अंमलदार सोळाव्या शतकाच्या आरंभी मलबारात होता. चौलसारख्या कोकणच्या बंदरांचे त्याने केलेले वर्णन इतिहासाचे अभ्यासक आजही वाचतात. चिनी भांड्यांविषयी त्याने जे ऐकले ते असे, की शंखशिंपले, अंड्यांची टरफले व अंड्यांतील पांढरा बलक यांचा लगदा करून तो ऐंशी ते शंभर वर्षे जमिनीत पुरून ठेवतात आणि मग त्याची पात्रे घडवितात! म्हणजे 'चिनी मातीत काहीतरी प्राणिज असते' ही शंका पाचशे वर्षांची जुनी आहे, आणि ती आपल्याच किनाऱ्यावर लिहून ठेवली गेली आहे. बार्बोसा लबाड नव्हता. ज्या देशात ही भांडी होत तेथे कोणाला कारखान्यात जाऊ देत नसत, आणि जे दिसत नाही त्याविषयी बाजारात कथा तयार होते.

पुढे १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १५५७ च्या सुमारास त्यांनी चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथे ठाणे वसविले. मकावहून गोव्यास येणाऱ्या जहाजांत रेशमाबरोबर निळ्या नक्षीची पात्रे असत. गोव्यातील उत्खननांत त्यांचे तुकडे मिळाले आहेत. डोंगरी आणि चौकच्या उंचवट्यावरून वसईची खाडी जी समोर दिसते, ती त्या काळी याच सत्तेच्या आरमाराची वाट होती. १६०३ मध्ये डच लोकांनी 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यातील माल ॲमस्टरडॅमला लिलावात काढला, तेव्हा त्यात चिनी पात्रेच सुमारे एक लाख निघाली म्हणतात. एका जहाजातील हा माल! यावरून व्यापाराचे मान लक्षात यावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ.

चीनच्या जिआंगशी प्रांतात जिंगदेजेन नावाचे नगर आहे. सुंग वंशातील सम्राटाच्या 'जिंगदे' या कालगणनेवरून इ. स. १००४ मध्ये त्याला हे नाव मिळाले, आणि तेव्हापासून आजतागायत तेथे भट्ट्या पेटत आहेत. नगराजवळ 'गाओलिंग' नावाची एक टेकडी आहे. गाओ म्हणजे उंच, लिंग म्हणजे डोंगराची धार. थोडक्यात, ती त्यांची 'डोंगरी'च. त्या टेकडीतून निघणाऱ्या पांढऱ्या मातीला टेकडीचेच नाव मिळाले, आणि युरोपीयांच्या उच्चारात त्याचे 'केओलिन' झाले. आज जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत असलेला हा शब्द मुळात एका खेड्याजवळच्या डोंगराचे नाव आहे. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही ही माती सापडते. ग्रॅनाइटसारख्या खडकातील फेल्डस्पार हे खनिज हजारो वर्षे पाणी मुरून कुजले म्हणजे ही माती उरते.

परंतु केवळ केओलिनने भांडे होत नाही. ते फार हट्टी असते, १७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याखेरीज वितळत नाही आणि एकटे भाजले तर सच्छिद्र राहते. त्याच्या जोडीला दुसरा पदार्थ लागतो. तो म्हणजे चिनी लोक ज्याला 'बाईदुन्झी' म्हणतात तो दगड. शब्दाचा अर्थ 'लहान पांढऱ्या विटा'. हा दगड खाणीतून काढून ओढ्याच्या काठी आणतात. तेथे पाणचक्कीने चालणारी लाकडी उखळे असतात. पाण्याच्या धारेने चाक फिरते, चाकाने मुसळ उचलले जाते आणि आपल्या भाराने दगडावर आपटते. रात्रंदिवस हा ठोका चालू असतो. दगडाचे पीठ झाले की ते मोठ्या हौदात पाण्यात ढवळतात. जाड कण तळाशी बसतात, वरचे दुधासारखे पाणी दुसऱ्या हौदात घेतात, तेथे सूक्ष्म साका खाली बसतो. तो उपसून, पाणी निथळू देऊन, साच्यात घालून त्याच्या विटा पाडतात. गिरणीवाला विटा विकतो, कुंभार विकत घेतो. केओलिनही असेच धुऊन, निथळून घ्यावे लागते.

दोन्ही पदार्थ मिसळून जो गोळा होतो, तो मळणे हे सर्वांत कष्टाचे काम. त्यात हवेचा एक बुडबुडा किंवा एखादा खडा राहिला तरी भट्टीत भांडे तडकते. फरसबंदी चौकात ती माती पायाने तुडवीत, उलथीत, पुन्हा तुडवीत. मग ती चाकावर जाते. आपला कुंभार जसा चाकावर गोळा मध्यावर आणून अंगठ्याने त्याचे पोट उघडतो, तसेच येथेही. फरक एवढाच, की जिंगदेजेनचा चाकावरचा कारागीर भांडे मुद्दाम जाड ठेवतो आणि तळाशी दोन-तीन बोटे लांबीची मातीची मूठ राखतो. अर्धवट सुकलेले भांडे दुसरा कारागीर साच्यावर पालथे घालून थोपटतो, त्यामुळे शंभर वाट्या एका मापाच्या होतात. मग तिसरा धारदार हत्याराने ते बाहेरून व आतून तासतो. पारदर्शक वाटावी इतकी पातळ वाटी ही चाकावर घडत नसून या तासण्यात घडते. हात एक केसभर जास्त गेला की वाटी फुकट.

आपल्या मातीच्या भांड्याहून वेगळी अशी पुढची गोष्ट. पारंपरिक चिनी पद्धतीत नक्षी ही कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर काढतात. निळा रंग कोबाल्ट या धातूच्या खनिजाचा. चौदाव्या शतकात तो इराणकडून जात असे, पुढे चीनमध्येही सापडू लागला. लावताना तो काळसर दिसतो आणि कोरडी माती रंगाचा थेंब शाईचूस कागदाप्रमाणे क्षणात पिऊन टाकते, त्यामुळे ओढलेली रेघ पुसता येत नाही. रंगावर झिलई चढते. ही झिलई म्हणजे त्याच पांढऱ्या दगडाचे अति बारीक पाणी, आणि त्यात एक प्रकारची राख. चुनखडी व नेचे ही वनस्पती यांचे थर एकावर एक रचून जाळतात, ती राख धुऊन घेतात. लहान भांडे झिलईच्या पाण्यात बुडवितात, मोठ्या भांड्यावर बांबूच्या नळीच्या तोंडाला तलम कापड बांधून फुंकरीने तुषार उडवितात. सर्वांत शेवटी ती तळाची मूठ कापून बैठक कोरतात. इतका वेळ भांडे हातात धरावयास तिचाच आधार होता.

माती, दगड, चुना, नेच्याची राख, एका धातूचे खनिज. एवढीच यादी. शंख नाही, अंडे नाही, हाड नाही.

सुंग यिंगशिंग या चिनी विद्वानाने १६३७ मध्ये आपल्या देशातील सर्व उद्योगांवर एक सचित्र ग्रंथ लिहिला. एका पेल्याला पूर्ण होईपर्यंत बहात्तर हात लागतात, असे त्याने त्यात म्हटले आहे. पाऊणशे वर्षांनी तेथे राहिलेला फ्रेंच धर्मोपदेशक दांत्रकोल हाही सत्तर हातांची गोष्ट सांगतो. एक मनुष्य फक्त काठाची निळी रेघ ओढतो, दुसरा फुलांची बाह्यरेषा काढतो, तिसरा तिच्यात रंग भरतो. जन्मभर काठाचीच रेघ ओढणाऱ्याचे आयुष्य कसे असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पण शंभर पेले एकसारखे हवे असतील तर बाजार अशीच विभागणी मागतो, हे आपल्यासारख्या व्यापारी घरांना निराळे सांगावयास नको.

मग अग्नी. कच्ची भांडी उघडी भट्टीत ठेवीत नाहीत. राखेचा एक कण उडून झिलईवर बसला तर डाग कायमचा. म्हणून प्रत्येक भांडे खडबडीत मातीच्या डब्यात बंद करतात आणि डब्यावर डबा असे उंच खांब भट्टीत रचतात. जिंगदेजेनच्या भट्ट्या अर्ध्या अंड्याच्या आकाराच्या. दक्षिणेकडे लोंगचुआन वगैरे ठिकाणी डोंगराच्या उतारावर लांबच लांब भट्टी बांधतात, तिला 'ड्रॅगन भट्टी' म्हणतात; खालच्या तोंडाशी जाळ पेटवला की उतारच धुराड्याचे काम करतो. सरपण देवदार-जातीच्या चीड वृक्षाचे, कारण त्याची ज्वाळा लांब. एक अहोरात्र आणि त्याहून अधिक काळ हा जाळ चालतो. आपल्या कुंभाराच्या आव्यात उष्णता ७०० ते ९०० अंशांच्या आसपास असते. येथे ती सुमारे १३०० अंशांपर्यंत न्यावी लागते, आणि मोजावयास साधन काय, तर भट्टीवाल्याचा डोळा. ज्वाळेचा रंग पाहून तो सांगे. हवा थोडी कोंडून धरली की झिलईतील लोहाचा अंश पिवळट न होता निळसर-हिरवट होतो, चिनी पांढऱ्या रंगातील तो थंडपणा त्यामुळेच. इतक्या उष्णतेत पांढरा दगड वितळून काचेसारखा होतो, केओलिनच्या कणांमधील प्रत्येक पोकळी भरून काढतो, आणि थंड झाल्यावर जे उरते ते माती व काच यांच्यामधले काहीतरी. पाणी शोषीत नाही, वास धरीत नाही, बोटाने टिचकी मारली तर घंटेसारखे वाजते.

या अग्नीची किंमत मोठी होती, हेही सांगितले पाहिजे. भोवतालचे डोंगर सरपणासाठी उघडे पडले. तोंग बिन नावाच्या एका भट्टीवाल्याची दंतकथा जिंगदेजेनमध्ये सांगतात. मिंग सम्राटासाठी प्रचंड रांजण भाजावयाचे होते, ते पुन्हापुन्हा फुटत, अधिकारी कारागिरांना छळीत. अखेर तोंग बिनने स्वतःला भट्टीत झोकून दिले आणि त्या खेपेस रांजण अखंड निघाले. पुढे तेथील लोकांनी त्याला भट्टीचा देव मानले. कथा खरी असो वा नसो, ती कारागिरांनीच जपली, यावरून त्यांना काय सोसावे लागत असेल हे कळते. आपल्याकडे श्रावकाने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत पहिले 'अंगारकर्म' आहे, आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात कुंभाराची भट्टीही त्यात गणली आहे, त्यामागची दृष्टी अशा वेळी समजते.

तथापि दहा आदर्श श्रावकांतील एक, पोलासपूरचा सद्दालपुत्त, हा कुंभारच होता, आणि त्याची पाचशे दुकाने होती. उपासकदशांग सूत्राच्या सातव्या अध्ययनात भगवान महावीर त्याला जो प्रश्न विचारतात तो प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे : ही भांडी होतात कशी? सद्दालपुत्त उत्तर देतो की आधी माती असते, ती पाण्यात भिजवितात, तिच्यात राख व शेण मिसळतात, मग ती चाकावर चढते. तेथून पुढे संवाद नियती व पुरुषार्थ यांच्याकडे वळतो, तो भाग आपल्या वाचकांना परिचित आहे. आपल्याला येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की भांडे कशाचे झाले हा प्रश्न क्षुल्लक मानला गेलेला नाही, आणि त्याचे उत्तर घडविणाऱ्याकडूनच घेतले आहे.

बाहेरच्या जगाला चिनी भांड्याचे असे उत्तर मिळाले ते दांत्रकोलच्या पत्रांतून. पहिले पत्र १७१२ चे, दुसरे १७२२ चे. त्या पत्रातील एक किस्सा आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. चिनी कारागीर म्हणत, केओलिन हे भांड्याचे हाड आणि पांढरा दगड हे त्याचे मांस. काही युरोपीय व्यापाऱ्यांनी गुपित कळले असे समजून पांढऱ्या विटा तेवढ्या विकत नेल्या आणि आपल्या देशात भांडी करून पाहिली. ती साधली नाहीत. हे ऐकून एक चिनी व्यापारी हसला. हाडावाचून नुसत्या मांसाचे शरीर उभे करू पाहतात, असे तो म्हणाला. येथे 'हाड' हा शब्द केवळ उपमेचा आहे. ते हाड म्हणजे गाओलिंगच्या डोंगरातील माती.

इंग्लंडने मात्र पुढे ही उपमा जणू अक्षरशः घेतली. जर्मनीत ड्रेस्डेन येथे ब्योटगर याने १७०८ मध्ये केओलिन वापरून खरे पोर्सेलीन साधले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. तेथे चिनी रीतीचाच मार्ग धरला गेला. इंग्लंडमध्ये तोपर्यंत केओलिनचा पत्ता नव्हता. कॉर्नवॉलमधील माती कुकवर्दी याने ओळखून तिचे एकस्व १७६८ मध्ये घेतले. त्याआधीच, १७४० च्या दशकाच्या अखेरीस, लंडनजवळच्या बो येथील कारखान्यात टॉमस फ्राय याने जनावरांची हाडे जाळून त्यांची राख मातीत मिसळण्यास आरंभ केला होता. १७९० च्या दशकात जोसाया स्पोड याच्या कारखान्यात प्रमाण ठरून गेले : निम्मे अस्थिभस्म, पाव हिस्सा केओलिन, पाव हिस्सा दगड. हेच 'बोन चायना'. बोन म्हणजे हाड. नावात काहीही लपविलेले नाही. गुरांची हाडे स्वच्छ करून सुमारे १००० अंशांवर जाळतात, दळतात आणि ते पीठ मातीत घालतात. त्यातील कॅल्शियम फॉस्फेटमुळे भांडे दुधासारखे पांढरे, पातळ असूनही बळकट आणि उजेडात धरले तर अधिक झिरझिरीत होते. 'चायना' हे नाव त्याला आहे, पण चीनच्या परंपरागत कृतीशी त्या निम्म्या भागाचा काही संबंध नाही.

आपल्या घरांत घोटाळा झाला तो येथे. 'बोन चायना'तील हाड 'चायना'वर आले, 'चायना'चे भाषांतर 'चिनी माती' झाले, आणि शेवटी आळ आला तो स्वयंपाकघरातील बरणीवर. ज्यांच्या नावातच हाड आहे ते कप मात्र इंग्रजी नावामुळे सुटले.

काही बंधू असा युक्तिवाद करतात, की हजार अंशांवर जळल्यानंतर हाड उरतेच कोठे, उरते ते खनिज. रसायनदृष्ट्या ते खरे आहे. त्या राखेत मांस, मज्जा यांचा लवलेश राहत नाही. परंतु प्रश्न केवळ पात्राच्या शुद्धीचा नाही, मागणीचाही आहे. हाडाला बाजारभाव असला म्हणजे ते गोळा करणारा व्यवसाय उभा राहतो. पंधरा कर्मादानांतील 'दंतवाणिज्य' या शब्दाने आपण केवळ हस्तिदंत समजतो. पण योगशास्त्रातील त्याच्या व्याख्येत दंत, केस, नख यांच्याबरोबर 'अस्थि' हा शब्द स्पष्ट आहे. ती व्याख्या प्राण्यांचे अवयव त्यांच्या उत्पत्तिस्थानी जाऊन व्यापारार्थ घेण्याविषयी आहे. तयार कप विकणारा दुकानदार तिच्या कक्षेत कितपत येतो, याचा निर्णय पूज्य गुरुभगवंतांनी करावा. तो आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे इतकेच, की विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वस्तू कशाची आहे हे ठाऊक असावे. भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांचे गाव. पत्रा कोणत्या प्रतीचा, त्यात निकेल किती, हे आपले व्यापारी हातात घेऊन सांगतात. तोच चोखंदळपणा शेजारच्या फळीवरील कपबशीला का लागू नये?

आता बरणीकडे. आपल्याकडील लोणच्याची बरणी ही खऱ्या अर्थाने पोर्सेलीनही नाही. तिला 'स्टोनवेअर', म्हणजे दगडासारखे कठीण भाजलेले भांडे, म्हणतात. माती तितकी पांढरी नसते, भिंत जाड असते, उजेड आरपार जात नाही. पण सुमारे १२०० अंशांच्या आसपास भाजल्यामुळे तीही पाणी शोषीत नाही, आणि मीठ, आंबट व तेल यांचा तिच्या झिलईवर परिणाम होत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट कळकते, साध्या मातीच्या मडक्यातून तेल पाझरते, म्हणून बरणी. वरची तपकिरी छटा लोहयुक्त झिलईची. तिच्यात हाड घालण्याचे कारणच नाही; हाडाची राख घालतात ती पातळपणा व पांढरेपणा यांसाठी, आणि बरणीला दोन्ही नको असतात.

या बरण्यांचा आपल्या प्रांताशी संबंध पाहण्यासारखा आहे. सौराष्ट्रातील थानगढ येथे या उद्योगाचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत घातला तो परशुरामभाई गणपुले या महाराष्ट्रीय गृहस्थांनी. तेथील माती उष्णता सोसणारी निघाली, आणि 'परशुराम पॉटरी' हे नाव थानगढ, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात रूढ झाले. मोरबीच्या फरशा आज साऱ्या देशात जातात. आपल्यापैकी ज्यांचे मूळ गाव झालावाड वा हालार, त्यांच्या आजीच्या बरणीची आणि मराठी माणसाच्या उद्यमाची गाठ अशी पडलेली आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे, मराठीभाषक मुलखात, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था खादी-ग्रामोद्योगाच्या चळवळीतून उभी राहिली. आणि चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्यांनी १९५० च्या दशकात 'ग्रामोदय संघ' स्थापून गावोगावच्या कुंभारांना सुधारलेले चाक, भट्टी आणि झिलई यांचे शिक्षण देण्याचे काम हाती घेतले. भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाला आपली मंडळी नित्य जातात; त्याच गावात कुंभारकामाची ही शाळा आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

खरेदी करताना काय पाहावे, असे आणखीही काही वाचक विचारतील. भांडे उजेडासमोर धरून पारख होते असे म्हणतात. ती अपुरी आहे, कारण उत्तम पोर्सेलीनमधूनही उजेड दिसतो. हाडाच्या राखेचे भांडे किंचित सायीसारख्या उबदार पांढऱ्या रंगाचे आणि अस्सल पोर्सेलीन निळसर पांढरे, हा फरक सरावलेल्या डोळ्यालाच कळतो. त्यापेक्षा भांडे उलटे करून तळ वाचावा. 'बोन चायना' हे महाग नाव असल्यामुळे कारखानदार ते सहसा लपवीत नाही, सोनेरी अक्षरांत छापतो. 'पोर्सेलीन' किंवा 'स्टोनवेअर' लिहिले असेल तर हाडाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. 'न्यू बोन चायना' या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा मालात अस्थिभस्म नसते, आणि काही कारखाने हाडाऐवजी खनिजापासून मिळविलेले फॉस्फेट वापरतात; पण नावावर विसंबू नये, घाऊक खरेदी असेल तर कारखान्याकडून लेखी मागून घ्यावे. खाद्यपदार्थाच्या पुडक्यावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो तसा कपबशीवर नसतो, म्हणून हे विचारणे दुकानदाराच्याच अंगावर येते. तळाशी काहीच छापलेले नसेल आणि विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर तो माल घाऊकीत न घेतलेला बरा.

बरणी बरीच वर्षे माळ्यावर राहिली असेल तर ती वापरण्यापूर्वी झिलईला तडा गेला आहे काय ते बोटांनी चाचपून पाहावे. तडा असेल तर तिच्यात ओले लोणचे न भरता सुके मीठ किंवा डाळी ठेवाव्यात. तडा नसेल तर गरम पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात पालथी न घालता उताणी ठेवावी, म्हणजे आतला दमटपणा पूर्ण जातो, आणि मग छुंदा भरावा.